बामाकोच्या रात्री जपून ठेवणारा माणूस

सोमवारची सकाळ. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची राजधानी बामाको. या शहराच्या बागादाजी नावाच्या जुन्या वस्तीत, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर एक छोटेसे दुकान आहे. दुकानाबाहेर रंगीत पुठ्ठे लावलेले आहेत आणि त्या पुठ्ठ्यांवर लहान लहान कृष्णधवल फोटो ओळीने चिकटवलेले आहेत. प्रत्येक फोटोला क्रमांक दिलेला. समोर तरुण मुलामुलींची ही गर्दी! कुणी स्वतःला शोधते आहे, कुणी मैत्रिणीला दाखवते आहे, तर कुणी आपल्या शेजारी नेमकी कोण उभी होती हे पाहून गालातल्या गालात हसतो आहे. शनिवारी रात्री वस्तीत जो नाचगाण्याचा कार्यक्रम झाला, त्याचे हे फोटो. ज्याला जो आवडेल त्याने त्याचा क्रमांक सांगायचा, पैसे द्यायचे आणि मोठी प्रत घेऊन जायची.

हे दृश्य १९६० नंतरच्या दशकातले. दुकानाचे नाव ‘स्टुडिओ मलिक’. मालकाचे नाव मलिक सिदिबे. त्या पुठ्ठ्यांसमोर उभ्या असलेल्या पोरापोरींना तेव्हा कल्पनाही नसेल की, आपण पैशापैशाने विकत घेतो आहोत ते हे फोटो एके दिवशी पॅरिस आणि व्हेनिसच्या भिंतींवर लागणार आहेत, आणि हेच पुठ्ठे काचेआड जपून ठेवले जाणार आहेत.

नदी, टेकड्या आणि लाल धूळ

बामाको हे नायजर नदीच्या काठी वसलेले शहर. ही नदी गिनी देशाच्या डोंगरात उगम पावते. समुद्र तिथून जवळ असूनही ती त्याच्याकडे पाठ फिरवून ईशान्येला वाळवंटाच्या दिशेने निघते, तिंबक्तूजवळून वळसा घेते आणि मग दक्षिणेला नायजेरियात जाऊन समुद्राला मिळते. चार हजार किलोमीटरहून लांब असा हा तिचा प्रवास. मालीतले लोक तिला ‘जोलिबा’ म्हणतात. बामाको या नावाचा संबंध मगरीशी जोडला जातो आणि शहराच्या बोधचिन्हावरही मगरी आहेत.

शहराच्या उत्तरेला कुलुबाची टेकडी आहे. फ्रेंचांनी तिथे गव्हर्नरचा वाडा बांधला, पुढे तोच राष्ट्राध्यक्षांचा वाडा झाला. टेकडीवरून खाली पाहिले की आंब्याच्या झाडांत लपलेली बैठी घरे, मोठ्या मशिदीचे मनोरे, बाजाराचा गजबजाट आणि त्यापलीकडे संथ, रुंद नदी दिसते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत सहाराकडून हरमटन नावाचा कोरडा वारा येतो आणि सारे शहर बारीक धुळीने माखून जाते. संध्याकाळ झाली की घरासमोर निखाऱ्यांची लहान शेगडी मांडून हिरवा चहा उकळायचा, ही इथली रीत. एकाच पत्तीचा चहा तीनदा होतो. पहिला पेला कडू, दुसरा मध्यम, तिसरा गोड. तिन्ही पेले होईपर्यंत उठायचे नाही. गप्पांचा असा कट्टा प्रत्येक गल्लीत.

शहर वाढले ते आगगाडीमुळे. फ्रेंचांनी सेनेगलच्या किनाऱ्याला नायजर नदीशी जोडणारा लोहमार्ग टाकायला घेतला. १९०४ मध्ये रूळ बामाकोपर्यंत आले, आणि १९०८ मध्ये या गावाला फ्रेंच सुदान वसाहतीच्या राजधानीचा मान मिळाला. पुढे डाकार ते बामाको हा सलग मार्ग पूर्ण झाला. त्या गाडीतून माणसे आली, कापड आले, साखर आली आणि कॅमेराही आला.

काकांनी आणलेली भेट

१९३५ साली बामाकोतल्या एका तरुण सुताराला त्याच्या काकांनी सेनेगलहून एक कोडॅक ब्राउनी कॅमेरा आणून दिला. या सुताराचे नाव सेदू केइता. एका फ्रेंच दुकानातून आणि एका अनुभवी स्थानिक छायाचित्रकाराकडून फोटो धुण्याची कला शिकून घेत केइतांनी १९४८ मध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. जागाही अचूक निवडली, रेल्वे स्टेशनापासून जवळ. गावोगावची माणसे गाडीतून उतरत आणि घरी पाठवायला एक फोटो काढून घेत. केइता अंगणात, उन्हाच्या उजेडात फोटो काढत. पाठीमागचा पडदा म्हणून सुरुवातीला त्यांनी आपल्या पलंगावरची झालरीची चादरच टांगली होती. दर काही वर्षांनी ते पडदा बदलत, आणि पुढे म्हातारपणी पडद्याची नक्षी पाहून फोटो कोणत्या सालचा हे सांगत. ग्राहकासाठी कोट, घड्याळ, फाउंटनपेन, रेडिओ अशा वस्तू तयार ठेवलेल्या असत. फोटोत माणूस जसा आहे तसा नव्हे, तर त्याला जसे दिसावेसे वाटते तसा दिसे.

बामाकोत फोटो काढणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली ती अशी. पण या फोटोंतली माणसे स्थिर होती, नटूनथटून कॅमेऱ्यासमोर बसलेली. त्याच माणसांना चालताना, नाचताना, पाण्यात उडी मारताना टिपणारा माणूस अजून यायचा होता.

गुराख्याचा मुलगा

मलिक सिदिबे यांचा जन्म १९३५ च्या सुमारास सोलोबा या खेड्यात झाला. हे गाव बामाकोच्या दक्षिणेला, गिनीच्या सरहद्दीकडे आहे. घर फुलानी जमातीचे. गुरे राखणे हा फुलानींचा पिढीजात व्यवसाय, त्यामुळे लहानग्या मलिकचे बालपण गुरांमागेच गेले. पण गावातून काही मुले फ्रेंचांच्या शाळेत धाडायची होती, त्यात त्याची निवड झाली. घराण्यात शाळेची पायरी चढणारा तो पहिलाच.

शाळेत मलिकचा हात चित्रकलेत चालू लागला. कोळशाने काढलेली त्याची चित्रे पाहून मोठ्या अधिकाऱ्यांचेही लक्ष वेधले गेले आणि त्याला बामाकोच्या कारागीर शाळेत पाठवण्यात आले. तिथे तो दागिने घडवायला शिकला. १९५५ मध्ये त्या विषयाची पदविकाही मिळाली. आता सोनारकाम करून सुखाने पोट भरायचे, एवढेच बाकी होते.

त्याच वर्षी एक वेगळेच काम चालून आले. जेरार गिया नावाच्या फ्रेंच गृहस्थाचे बामाकोत ‘फोटो सर्व्हिस’ नावाचे दुकान होते. दुकानाच्या भिंती रंगवायला त्यांना कुणी चित्रकार हवा होता. मलिक गेला, भिंती रंगवल्या, आणि काम संपल्यावरही तिथेच राहिला. गल्ल्यावर बसायचे, ग्राहकांना फोटो पोचवायचे, पडेल ते काम करायचे. कॅमेरा कसा धरावा हे कुणी हात धरून शिकवले नाही. त्याने ते नुसते पाहून आत्मसात केले. १९५६ मध्ये त्याने स्वतःचा पहिला कॅमेरा घेतला, ब्राउनी फ्लॅश. मग कामाची आपोआप वाटणी झाली. गोऱ्या साहेबांच्या मेजवान्या गिया साहेबांकडे, आणि आफ्रिकी लोकांची लग्ने, बारशी, जलसे मलिककडे.

ही वाटणी त्या काळी दुय्यम काम दुय्यम माणसाला देण्याची होती. पण पुढे काय झाले? साहेबांच्या मेजवान्या कोण जाणे कुठे विरून गेल्या. आणि मलिकच्या वाट्याला जे आले, त्यातून एका देशाचे तारुण्य टिकून राहिले.

शनिवारची रात्र

२२ सप्टेंबर १९६० रोजी माली स्वतंत्र झाला. मोदिबो केइता राष्ट्राध्यक्ष झाले. (केइता हे मालीतले जुने आणि सर्वत्र आढळणारे कुळनाव आहे.) याच सुमारास सिदिबे यांनी स्वतःचा स्टुडिओ सुरू केला आणि लवकरच बागादाजीत बस्तान बसवले.

तरुणांच्या दृष्टीने ते दिवस विलक्षण होते. नवा झेंडा, नवे सरकार, आणि परदेशातून येणाऱ्या नव्या रेकॉर्ड. ट्विस्ट, रॉक अँड रोल, चाचाचा, क्युबन संगीत. स्थानिक गायक बुबाकार त्राओरे यांचे ‘माली ट्विस्ट’ हे गाणे रेडिओवरून घरोघरी पोचले. वडीलधाऱ्यांच्या काळात मुलामुलींनी हात धरून नाचणे ही कल्पनाच नव्हती. आता वस्तीवस्तीत मुलांनी मंडळे काढली. कुणी आपल्या मंडळाला बीटल्सचे नाव दिले, कुणी ‘हॅपी बॉईज’ म्हणवून घेतले. मंडळांमध्ये चुरस लागे ती दोन गोष्टींची. कुणाकडे नव्या रेकॉर्ड जास्त आणि कुणाचे कपडे जास्त ऐटदार.

या सगळ्यांना एक माणूस मात्र हवाच असे, तो म्हणजे सायकलवरून येणारा मलिक. मंडळे आधीच त्यांच्याकडे निरोप देऊन ठेवत. एका शनिवारी रात्री चार-चार, पाच-पाच ठिकाणी त्यांना जावे लागे. खांद्याला कॅमेरा, हातात फ्लॅश. दारात शिरल्या शिरल्या फ्लॅशचा लखलखाट झाला की मुले ओळखत, मलिक आले! मग नाचाला खरा रंग चढे.

मोठ्या कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसायचे दिवस इथे संपले होते. सिदिबे नाचणाऱ्यांमध्ये मिसळत, कधी खाली वाकत, कधी गुडघ्यावर बसत. म्हणूनच त्यांच्या फोटोंत उडालेला स्कर्ट, हवेतला पाय, घामाने चमकणारे कपाळ दिसते. फोटोतले कुणी त्यांच्याकडे परक्यासारखे पाहत नाही. ते पाहुणे नव्हते, त्याच गल्लीतले होते. या धंद्यात माणसांची आवड हवी, त्यांना बोलते आणि हसते करता यायला हवे, असे ते पुढेही सांगत राहिले.

१९६३ च्या नाताळच्या रात्रीचा त्यांचा एक फोटो जगभर प्रसिद्ध आहे. सुटाबुटातला एक तरुण आणि अनवाणी पायांची एक तरुणी उघड्यावर नाचत आहेत. दोघांची डोकी एकमेकांकडे झुकलेली, नजरा खाली पावलांकडे. प्रियकर-प्रेयसी वाटावीत असे हे जोडपे प्रत्यक्षात भाऊ-बहीण असल्याचे सांगितले जाते. भाऊ बहिणीला नाच शिकवतो आहे. देश नुकताच तीन वर्षांचा झालेला, आणि ही दोघे नवी पावले टाकायला शिकत आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातल्या सर्वांत प्रभावी अशा १०० छायाचित्रांची निवड केली, त्यात या फोटोला स्थान मिळाले.

रविवारचा नदीकाठ

रात्रभर नाचून थकलेली मंडळी रविवारी नायजरच्या काठी जमत. चहाची किटली, रेकॉर्ड प्लेअर, खाण्याचे डबे सोबत असत. मुले पाण्यात उड्या मारत, वाळूवर कुस्ती खेळत, मुली खडकांवर बसून हसत. सिदिबे तिथेही हजर. शनिवारच्या फोटोंत काळोखातून उजळलेले चेहरे आहेत, तर रविवारच्या फोटोंत रुंद नदी आणि उघडे आकाश.

मग ते परतत आणि रात्र अंधाऱ्या खोलीत घालवत. फिल्म धुवायची, छोट्या प्रती काढायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, क्रमांक टाकायचे, मंडळाचे नाव आणि तारीख लिहायची. सगळे फोटो विकले जातच असे नाही. पैशांची चणचण असे, कुणाचे जमलेले बिनसलेलेही असे. पण विकला न गेलेला फोटो सिदिबे फेकून देत नसत. निगेटिव्ह तारखेनुसार खोक्यांत भरून ठेवायची, ही त्यांची सवय. पुढच्या सगळ्या कीर्तीचे मूळ या साध्या सवयीत आहे.

दिवस पालटले

आनंदाचे हे दिवस फार काळ टिकले नाहीत. मोदिबो केइतांचे सरकार समाजवादी होते. पाश्चात्त्य गाणी आणि तोकडे कपडे हे क्रांतीला मारक आहेत, असे त्यांच्या तरुण स्वयंसेवक पथकांना वाटू लागले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ही पथके रात्री गस्त घालत आणि मिनी स्कर्ट किंवा घोळदार पॅन्ट घातलेल्यांना पकडत. १९ नोव्हेंबर १९६८ रोजी लष्कराने सत्ता घेतली. लेफ्टनंट मूसा त्राओरे यांची राजवट सुरू झाली, ती १९९१ पर्यंत चालली. संचारबंदी आली, आणि रात्री उशिरापर्यंत नाचायचे दिवस ओसरले.

सेदू केइतांच्या वाट्याला वेगळेच नशीब आले होते. १९६२ मध्ये सरकारने त्यांना सरकारी छायाचित्रकार म्हणून बोलावून घेतले. त्यानंतर त्यांचा स्टुडिओ बंद पडला. १९७७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी इंजिने दुरुस्त करण्यात मन रमवले.

सिदिबे मात्र दुकानातच राहिले. सत्तरीच्या दशकात पार्ट्या जवळजवळ संपल्या. रंगीत फोटो आले आणि ते धुणारी यंत्रे आली. कृष्णधवलचा भाव उतरला. पण पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा पडदा टांगून स्टुडिओत फोटो काढणे त्यांनी चालूच ठेवले. कुणी नव्या मोटरसायकलसह येई, कुणी मेंढा घेऊन, कुणी नव्या गॉगलची ऐट दाखवायला. बाकी वेळ ओळखपत्राचे फोटो आणि कॅमेऱ्यांची दुरुस्ती. दुकानाच्या फळ्या जुन्या कॅमेऱ्यांनी भरून गेल्या. ज्याने अवघ्या शहराला नाचताना पाहिले, तो माणूस आता स्क्रू आणि स्प्रिंगा जुळवत बसला होता. तक्रारीचा सूर मात्र त्यांच्या बोलण्यात नसे. संसार मोठा होता, आणि दुकान उघडे ठेवणे भाग होते.

अनोळखी छायाचित्रकार

१९९१ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकी कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात बामाकोच्या काही माणसांचे देखणे फोटो होते. खाली छायाचित्रकाराचे नाव नव्हते, ‘अज्ञात’ एवढेच. त्या अज्ञाताच्या शोधात आंद्रे मान्यां हे फ्रेंच कलासंयोजक बामाकोला आले. सांगतात की, चौकशी करत करत ते बागादाजीच्या स्टुडिओत पोचले. सिदिबे यांनी फोटो पाहताच ओळखले, हे तर सेदू केइतांचे काम. त्यांनी स्वतः पाहुण्याला केइतांकडे नेले. धंद्यातल्या थोरल्याचे श्रेय त्याला मिळवून दिले. तेवढ्यावर ते थांबू शकले असते, पण पाहुण्याची नजर त्यांच्या स्वतःच्या खोक्यांकडेही गेली.

खोकी उघडली. तीस वर्षांपूर्वीचे शनिवार-रविवार तारीखवार समोर आले.

१९९४ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशनमध्ये केइतांचे आणि १९९५ मध्ये सिदिबे यांचे प्रदर्शन भरले. १९९४ मध्येच बामाकोत आफ्रिकी छायाचित्रणाचा मोठा महोत्सव सुरू झाला, तो पुढे दर दोन वर्षांनी भरू लागला. २००३ मध्ये सिदिबे यांना स्वीडनचा हासेलब्लाड पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी. २००७ मध्ये व्हेनिस येथील जगप्रसिद्ध कलामेळ्यात त्यांना जीवनगौरवाचा ‘सुवर्णसिंह’ देण्यात आला. हा मान त्यापूर्वी कोणत्याही छायाचित्रकाराला किंवा कोणत्याही आफ्रिकी कलावंताला मिळाला नव्हता. भिंती रंगवायला म्हणून दुकानात शिरलेल्या त्या मुलाने केवढा पल्ला गाठला!

पण कीर्तीबरोबर प्रश्नही आले. बामाकोत काही नाण्यांना विकले गेलेले फोटो आता परदेशात मोठ्या किमतीला जाऊ लागले. २००१ मध्ये केइता वारले, तेव्हा त्यांच्या निगेटिव्हवरून हक्काचा वाद थेट न्यायालयात गेला. मालीतल्या इतर अनेक जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह धुळीत, ओलीत खराब होत होत्या. काही तर देशाबाहेर गेल्या. मग अमेरिकेतल्या मिशिगन राज्य विद्यापीठाने बामाकोतल्या संस्थेच्या मदतीने मालीच्या पाच छायाचित्रकारांच्या निगेटिव्ह स्वच्छ करून संगणकावर उतरवण्याचे काम हाती घेतले. त्यात सिदिबे यांच्याही आहेत. विशेष म्हणजे मूळ निगेटिव्ह मालीतच राहाव्यात, हे त्यात कटाक्षाने पाहिले गेले.

पॅरिसला राहायला जाणे सिदिबे यांना अवघड नव्हते. ते गेले नाहीत. बक्षीस घ्यायला विमानाने जायचे आणि परत येऊन बागादाजीच्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसायचे. जगभरचे पाहुणे तिथेच येत, कॅमेऱ्यांनी भरलेल्या फळ्यांखाली बसत आणि पट्ट्यांच्या पडद्यासमोर आपला फोटो काढून घेत. वस्तीतल्या माणसाचा ओळखपत्राचा फोटोही त्याच जागी निघे.

कोपऱ्यावरचे दुकान

१४ एप्रिल २०१६ रोजी मलिक सिदिबे बामाकोत निवर्तले. त्यांच्या मागे मुलांनी स्टुडिओ चालू ठेवला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘माली ट्विस्ट’ याच नावाने त्यांच्या फोटोंचे मोठे प्रदर्शन भरले.

माली मात्र आता तो राहिलेला नाही. २०१२ पासून उत्तरेत सशस्त्र संघर्ष पेटला. २०१२, २०२० आणि २०२१ अशा तीन वेळा लष्कराने सत्ता उलथवली. छायाचित्रण महोत्सवालाही मध्ये काही वर्षे खंड पडला. वाळवंटातल्या तिंबक्तूची वाट धरणारे परदेशी प्रवासी दिसेनासे झाले. उत्तरेतल्या गावांवर जिहादी गटांचा ताबा होता, तेव्हा तिथे संगीतावरही बंदी आली होती. ज्या देशाने गाण्यावर एवढे प्रेम केले, त्या देशात!

अशा वेळी सिदिबे यांच्या खोक्यांचे मोल वेगळेच जाणवते. त्यांत मंत्र्यांची भाषणे नाहीत, संचलने नाहीत. आहेत ती साधी मुले-मुली, शिंप्याकडून उसनवारीने शिवलेल्या नव्या कपड्यांतली, स्वातंत्र्याच्या पहिल्यावहिल्या वर्षांत नाचणारी. त्यांतली जी हयात आहेत, ती आता आजी-आजोबा झाली आहेत. नातवंडांना सांगायला त्यांच्याकडे गोष्टी आहेत आणि नातवंडांचा विश्वास बसावा म्हणून दाखवायला फोटोही आहेत. नायजरच्या काठी, खडकांवर बसून हसणारी ती मुलगी म्हणजे आपलीच आजी, हे ऐकून एखादे पोर डोळे विस्फारत असेल. कुण्या एका माणसाने तिचा तो रविवार, विकला जावो न जावो, तारीख घालून खोक्यात जपून ठेवला होता.